दहा नापास गोळ्या

मला खोटं बोलता येत नाही, हे आमच्या वारापिल गावात पोरासोरांना ठाऊक आहे. कान तापतात, जीभ अडखळते आणि समोरचा हसायला लागतो. त्यामुळे उभ्या आयुष्यात एकदाच काय ते धड खोटं बोललो, आणि तेही तोंडानं नाही, गोळ्यांनी. दहा गोळ्यांनी. तेवढीच गोष्ट सांगायची आहे, पण शिशापासून सुरुवात केल्याशिवाय मला ती सांगता येत नाही. तेव्हा जरा दमानं घ्या.

मी कोलिन पेच. आमच्या साप्ताहिकात मी एकवीस वर्षं छपाईचे खिळे जुळवले. सुटे खिळे थोडे, बहुतेक काम ओळी ओतणाऱ्या यंत्रावर. बाजूला शिशाचं भांडं रटरटतंय, पुढे मी बसलोय, आणि बोटांखालून एकेक ओळ गरमागरम बाहेर पडतेय. कुणाकडे मुलगी झाली, कुणाच्या मेंढ्या विकायच्या आहेत, कुणाला देवाज्ञा झाली. अंक निघाला की त्याच ओळी परत भांड्यात. एकच शिसं या आठवड्याला लग्न असायचं आणि पुढच्या आठवड्याला मयत. साप्ताहिक बंद पडलं तेव्हा मालकानं विचारलं, "कॉल, आठवण म्हणून काय हवंय तुला? घड्याळ?" मी म्हटलं, "शिसं." गाडीभर कांबी मिळाल्या. लोक म्हणाले, पेच येडा आहे. असेन!

शुक्रवारी दुपारी मी मागच्या शेडमध्ये शेगडी पेटवतो. दार सताड उघडं, समोर गव्हाची रानं, रानांपलीकडे मिठाचं तळं. भांड्यात शिसं आधी राखाडी, खडबडीत, रुसून पडलेलं असतं. मग कडेनं सुटतं, आणि मग एकदम सगळं सैल होतं. पळीनं वरची साय बाजूला केली की खाली आरसा. त्यावर निळी झाक धरते, मग सोनेरी, ती सरकते, विरते, पुन्हा येते. बघता बघता चहा गार होतो आणि सावली शेडच्या या टोकाची त्या टोकाला जाते. कधी कधी वाटतं, आतून जुन्या ओळी वर येतायत, उलट्या अक्षरांत, जशा मी एकवीस वर्षं वाचल्या. अमुक यांना कन्यारत्न. तमुक यांचे अल्पशा आजाराने. मग मी पळी बुडवून साच्यात ओततो आणि त्या सगळ्याची रिव्हॉल्व्हरची एक गोळी होते, बुटकी, सपाट, करंगळीच्या पेराएवढी.

आता गोळीचं तोंड कसं का असेना, बूड धड पाहिजे. बुडाची कड गोलसर राहिली, कुठे खळी राहिली, की नळीतून सुटताना मागची धग एका बाजूनं आधी निसटते आणि गोळी भरकटते. म्हणून मी एकेक गोळी भिंगाखाली धरतो. छापखान्यात मुद्रितं तपासायचो ना, तसंच. मनासारखी नसली की नापासांच्या डब्यात, आणि डबा भरला की पुन्हा भांड्यात. नापास गोळी माझ्या शेडमधून बाहेर गेलेली नव्हती. सव्वीस वर्षांत एकही नाही.

सव्वीस वर्षं कारण सव्वीस वर्षं मी अर्विनसाठी गोळ्या ओततोय. अर्विन नोस्के म्हणजे आमच्या भागाचा पाटकरी. पाइपलाइन आली नव्हती तेव्हा कालव्याचं पाणी कुणाच्या तळ्यात कधी सोडायचं हे त्याच्या हातात असायचं. सहा फूट चार इंच उंच, मनगटं दाराच्या खांबासारखी. दर शनिवारी आम्ही तळ्याकाठच्या चांदमारीच्या मैदानावर जायचो. मी मारतो बेताचाच. पण अर्विन! एक हात लांब करून तो रिव्हॉल्व्हर उचलायचा आणि तो हात तिथेच राहायचा, कुणी खुंटीला अडकवून ठेवल्यासारखा. पंचवीस मीटरवर, शंभरपैकी पंच्याण्णव, सत्त्याण्णव. तो मारायचा तेव्हा मी त्याच्याकडे बघायचोच नाही. तळ्याकडे बघायचो. धुक्यात मीठ आणि आभाळ एक झालेलं असायचं, मधूनच गलाह पोपटांचा गुलाबी थवा उडायचा, आणि बार एका लयीत पडायचे. ते ऐकत मी कुठल्या कुठे जायचो. मी लग्न केलं नाही. मला कुणी विचारलं नाही आणि मी कुणाला विचारलं नाही. मला शनिवार होता, आणि खरं सांगायचं तर तेवढा मला पुरत होता.

ईस्टरनंतर अर्विनचे बार पसरायला लागले. आधी नव्वद, मग चौऱ्याऐंशी, मग मी आकडे मोठ्यानं म्हणायचं टाळायला लागलो.

"कॉल, तुझं शिसं मऊ झालंय लेका," तो म्हणाला.

"तेच शिसं आहे."

"मग गोळीला लावायचं मेण बदललंस."

"मेण तुझ्याच मधमाश्यांचं आहे. त्यांना जाऊन विचार."

"मग काडतुसातली दारू ओली झालीय. काहीतरी झालंय. गोळी सुटते सरळ आणि मध्येच तिला माहेरची आठवण येते."

मी हसलो. आणि मूर्खासारखा घरी जाऊन खरंच शिसं बदललं, एक कांब जास्त घातली. पुढच्या आठवड्यात मेण बदललं. त्याच्या पुढच्या आठवड्यात दारू चिमूटभर कमी केली. चार महिने हे चाललं. जूनमध्ये एकदा थर्मासमधला चहा ओतताना मी बघितलं की अर्विन कप दोन्ही हातांनी धरतोय. चहा पिऊन झाला आणि त्यानं उजवा हात खिशात घातला, आणि घरी जाईपर्यंत बाहेर काढला नाही. मला कळायचं ते तेव्हाच कळलं. तरी पुढच्या शुक्रवारी मी पुन्हा मेण बदललं!

ऑगस्टमधल्या एका शनिवारी तोच म्हणाला, "शिकंज्यात लावू."

आमच्या क्लबात सिमेंटच्या ठोकळ्यावर बसवलेला एक लोखंडी शिकंजा आहे. रिव्हॉल्व्हरची मूठ त्यात आवळायची, तरफ दाबायची, बार होतो. हात नाही, डोळा नाही, श्वास नाही. गोळी जशी असेल तशी जाते.

"लोखंडाला ना वय, ना बायको," अर्विन म्हणाला. "ते खरं सांगेल. गोळ्या पसरल्या तर खोट तुझ्या ओतण्यात. मग तू मला नव्या साच्यातल्या गोळ्या देईपर्यंत मी तुझं डोकं खाणार. आणि गोळ्या एका जागी बसल्या, तर खोट माझ्यात. मग सोमवारी रिव्हॉल्व्हर पोलीस ठाण्यात जमा, परवाना जमा, विषय संपला."

"एवढं काय लगेच..."

"पुढच्या शनिवारी, लोक यायच्या आत. फाटकाची चावी तुझ्याकडेच आहे."

मधल्या गुरुवारी मी रिकामी काडतुसं आणायला त्याच्या घरी गेलो. अर्विन मधमाश्यांच्या पेट्यांकडे गेला होता. स्वयंपाकघरात त्याची बायको वॅलमे मधाची बिस्किटं थापत होती. तिनं मला बसही म्हटलं नाही.

"तुम्ही दोघं म्हातारे मला वेड लावणार आहात," ती म्हणाली. "हात बघितलास त्याचा?"

"कधी कधी जरा..."

"जरा? परवा शर्टाचं बटण लावायला दहा मिनिटं. मी लावून देते म्हटलं तर माझ्यावर खेकसला. डॉक्टरकडे चल म्हटलं, तर म्हणतो, आधी गोळी तपासू. ऐकलंयस असं कुठे? चव्वेचाळीस वर्षं संसार केला, आणि माझा नवरा आधी गोळी तपासणार, मग हात!"

"शनिवारी शिकंज्यात लावतोय," मी म्हटलं.

"माहितीय. मला वचन दिलंय त्यानं. लोखंडानं गोळी चांगली ठरवली तर मंगळवारी हॉर्शमला डॉक्टरकडे येणार." तिनं पिठाचे हात तसेच कमरेवर ठेवले. "कोलिन, तो माझं ऐकणार नाही, डॉक्टरचंही ऐकणार नाही. तुझ्या गोळीचं तेवढं ऐकेल. तेव्हा नीट ओत."

"मी नेहमीच नीट ओततो," मी म्हणालो, आणि मला रागच आला. मग तिनं एका डब्यात बिस्किटं भरून दिली, तेव्हा राग गेला आणि त्याच्या जागी दुसरंच काहीतरी येऊन बसलं.

शुक्रवारी मी भांडं चढवलं. वारा पडलेला, रानं हिरवीगार, तळ्यावर पांढरी रेघ. शिसं सैल झालं, आरसा झाला. त्या दिवशी साचा असा तापला, हात असा चालला की काय सांगू! एकामागून एक गोळ्या पडत होत्या, चकचकीत, कडा धारदार, बूड असं की भिंगाखाली बघताना डोळे निवावेत. आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या गोळ्या मी त्या दुपारी ओतल्या. साठ ओतल्या, मेण लावलं, वजन केलं, आणि समोर ओळीनं मांडून बसलो.

त्या बघता बघता मला पुढचा शनिवार दिसला. मी एकटा मैदानाचं फाटक उघडतोय. एकटा नेमाचा कागद लावतोय. धुकं तेच, गलाह तेच. थर्मास एवढा मोठा कशाला आणला असं मला वाटतंय. मी किती वेळ तसा बसलो होतो कुणास ठाऊक. जागा झालो तेव्हा नापासांचा डबा माझ्या मांडीवर होता.

मी झोपेत नव्हतो, उगाच सबब सांगत नाही. पण स्वप्नात जसं आपलेच हात लांबून बघतो, तसे मी ते बघत होतो. हातांनी डब्यातून गोळ्या निवडल्या. बूड गोलसर असलेल्या, पोटात पोकळी राहिल्यामुळे हलक्या भरलेल्या, एका अंगाला बसलेल्या. पंधरा निवडल्या. त्यांना छान मेण लावलं, काडतुसात भरल्या, कड दाबली. काडतूस भरलं की बूड आत जातं, बाहेरून कुणाला काही कळत नाही. चांगल्यांपैकीही पन्नास भरल्या. त्या का भरल्या ते विचारू नका. चांगली गोळी भरायची ठेवून मला झोप आली नसती, एवढंच.

वॅलमेचा चेहरा आठवला नाही असं नाही. आठवला. मी स्वतःला म्हटलं, एक महिना. एकच महिना पुढे ढकलतोय, मग मीच सांगेन. माणूस स्वतःशी किती सहज खोटं बोलतो! तेव्हा कान तापत नाहीत.

शनिवारी सकाळी धुकं एवढं होतं की फाटकावरून गोळ्या अडवणारा मातीचा बांध दिसत नव्हता. त्या बांधात आमच्या गावाचं अख्खं साप्ताहिक पुरलेलं आहे. सगळी बारशी, सगळी लग्नं, मेंढ्यांचे सगळे बाजार सव्वीस वर्षांत आम्ही त्या मातीत घातले. धुक्यात तो हळूहळू वर आला, आधी माथा, मग पोट. अर्विन गाडीला टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "काय सुंदर आहे रे हे." असलं काही तो कधी बोलत नसे.

शिकंज्यात बसवायचं तर रिव्हॉल्व्हरच्या मुठीच्या लाकडी फळ्या काढाव्या लागतात. अर्विननं पेचकस घेतला. स्क्रू सैल झाला, आणि त्याच्या बोटांतून सुटून खडीत पडला. मी गुडघ्यावर बसून शोधला. दुसरी फळी मी काढली.

कागद पंचवीस मीटरवर लावून आलो. माझ्या कोटाच्या डाव्या खिशात नापास, गाडीतल्या डब्यात पास. मी डावा खिसा रिकामा केला. पहिले पाच बार शिकंजा बसण्यासाठी असतात, ते बांधातच सोडायचे. मग दहा. अर्विन तरफ दाबायचा, शिकंजा वर उसळायचा, मी तो खाली टेकवायचो. आवाज धुक्यात जायचा आणि तळ्यावरून सावकाश परत यायचा. आठव्या बाराला मला वाटलं, थांबवावं. नवव्यालाही वाटलं. मग दहा संपले.

कागदापर्यंत आम्ही चालत गेलो. दहा भोकं बशीभर पसरली होती. एक तर पार खालच्या कोपऱ्यात, आणि ते गोल नव्हतं, लांबट होतं, गोळी आडवी होऊन गेली होती.

माझा जीव भांड्यात पडला. खरं सांगतो, लाज वाटायच्या आधी आनंदच झाला.

"बोंबला," मी म्हणालो. "माझंच चुकलं बघ. साचा गेला असणार. नवा मागवतो. चार महिने उगाच तुला..."

अर्विन वाकून एकेका भोकावरून बोट फिरवत होता. बोट थरथरत होतं, ते त्यानं लपवलं नाही. मग कागदाला पाठ करून तो थेट माझ्याकडे बघायला लागला.

"कॉल, साप्ताहिकात तुझ्या हातून कधी चूक सुटायची?"

"सुटायची ना. वर्षातून एखादी."

"एका पानात दहा?"

मी कागद उतरवायला लागलो.

"एखादी नापास गोळी तुझ्या नजरेतून निसटली असती तर मी मानलं असतं," तो म्हणाला. "पण दहाच्या दहा? तू? तुझ्या शेडमध्ये मी कितीदा तरी बसलोय. तू गोळी भिंगाखाली अशी धरतोस की मला वाटायचं, हा आता तिचा मुका घेणार."

"अर्विन..."

"म्हणजे तुला माझ्या हाताचं माहीत आहे." त्याचा आवाज शांत होता. "मला वाटत होतं, एवढं मलाच कळतंय, तुला फसवतोय मी. तुला कधीपासून माहीत आहे?"

"जूनपासून. कप दोन्ही हातांनी धरलास तेव्हापासून."

"जून!" आता तो चिडला. धुक्यात दोन गलाह दचकून उडाले. "आणि तरी दर शुक्रवारी मेण बदलत बसलास? गाढवा, मी हट्टी आहे, तू काय आहेस? आणि वॅलमेला काय सांगणार होतास? काय सांगणार होतास रे, सांग ना!"

"मला तू शनिवारी इथे हवा होतास," मी म्हणालो. एवढं सरळ वाक्य मी कुणाशी कधी बोललो नव्हतो. "मला दुसरं काही नाहीये, अर्विन."

तो तळ्याकडे वळला. धुकं विरायला लागलं होतं आणि मीठ खालून उजळत होतं. मी खडीकडे बघत होतो.

"चांगल्या आणल्यायत का?" त्यानं विचारलं.

"गाडीत आहेत."

"आण."

पुन्हा नवा कागद, पुन्हा पाच बांधात, पुन्हा दहा. या वेळी कागदाकडे जाताना अर्विन पुढे, मी मागे. मधोमध एकच भोक होतं. दहा गोळ्या एकाच ओबडधोबड भोकातून गेल्या होत्या, चहाच्या कपाचं बूड वर ठेवलं असतं तर झाकलं गेलं असतं. अर्विननं शीळ घातली.

"कोलिन पेच," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा उजळला, अगदी लहान मुलासारखा. "असा कागद मी उभ्या जन्मात बघितला नाही. तू बघितलायस?"

"नाही."

"काय गोळ्या आहेत लेका! काय गोळ्या आहेत!" त्यानं माझ्या पाठीत थाप मारली. मला तिथेच मरून जावंसं वाटलं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम समोर टांगलेलं होतं आणि त्यावर लिहिलं होतं की हा माणूस सोमवारी ठाण्यात जाणार. आणि तो माणूस माझं कौतुक करत होता.

त्यानं रिव्हॉल्व्हर शिकंज्यातून काढलं. लाकडी फळ्या बसवायला माझ्याकडे दिल्या, आपणहून दिल्या. मग म्हणाला, "दहा दे. हातानं मारतो. एकदा तरी खरं काय ते बघू दे, गोळी चांगली असताना."

तो रेषेवर उभा राहिला. एक हात लांब केला. या वेळी मी तळ्याकडे बघितलं नाही, त्याच्याकडे बघितलं. हात वर गेला आणि नळीचं टोक लहान लहान गोल फिरायला लागलं. तो वाट बघायचा, गोल लहान व्हायचा, मग बार. कधी वाट बघून हात खाली घ्यायचा, श्वास घ्यायचा, पुन्हा उचलायचा. घाई केली नाही. ऊन आता बांधावर पडलं होतं आणि प्रत्येक बाराला मातीची एक बारीक, पिवळी फुंकर उठायची आणि हवेत तरंगत राहायची. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. मला वाटत होतं, संपू नये.

आमच्या क्लबाची रीत अशी की स्वतःचा कागद स्वतः वाचायचा नाही. दुसरा वाचतो, मारणारा लिहितो, वाचणारा खाली सही करतो. अर्विननं वही मांडीवर घेतली, पेन्सिल मुठीत धरली.

"हं, बोल."

"नऊ," मी म्हणालो. "आठ. आठ. सात. सहा. सहा. पाच. पाच." थांबलो. "एक बाहेर."

"शून्य म्हण."

"शून्य."

"नऊ झाले. दहावा?"

दहावा आठच्या रेषेला चिकटला होता. चिकटला होता की नव्हता, हेच तर बघायचं होतं. रेषेला स्पर्श असला तर आठ, नसला तर सात. मोजायचं माप माझ्या खिशात होतं. मी काढलं नाही.

"आठ," मी म्हणालो. कान तापले.

अर्विननं पेन्सिल खाली ठेवली आणि माझ्याकडे नुसतं बघितलं. रागानं नाही. ते रागानं असतं तर बरं झालं असतं.

मी चष्मा पुसला. माप काढलं, भोकात बसवलं, वाकून बघितलं. मापाची कड आणि रेषा यांच्यामध्ये केसभर कागद शिल्लक होता.

"सात," मी म्हणालो.

त्यानं सात लिहिले. सावकाश, वेडेवाकडे, पण लिहिले. बेरीज केली, पुन्हा तपासली.

"एकसष्ट," तो म्हणाला. "बासष्ट झाले असते तर त्यातला एक तुझा असता, कॉल. हे एकसष्ट माझे आहेत. सही कर."

मी सही केली. मग मी त्याच्यासमोर रडलो, आणि त्यानं मला रडू दिलं.